बिनचेहऱ्याचे राजे

जळगावहून अजिंठ्याला जाणारा रस्ता पहूरवरून जातो. पहूर पेठ आणि पहूर कसबे ही जुळी गावे, लगत वाघूर नदी, आणि ‘पीजे’च्या, म्हणजे पाचोरा-जामनेर नॅरोगेजच्या आठवणी. ही वाघूर अजिंठ्याच्या लेण्यांना वळसा घालून खाली उतरते. मध्ययुगातले राजे चित्रांत आणि दंतकथांत कसे उतरले हे पाहायचे, तर पहूरला मध्य धरून एक वर्तुळ आखावे. दक्षिणेला अजिंठा. चाळीसगावच्या अंगाला यादवांच्या मांडलिकांचे पाटणे. तापीच्या वरच्या अंगाला बऱ्हाणपूर आणि अशीरगड, खालच्या अंगाला थाळनेर. अजिंठ्याचा घाट चढून गेले की मलिक अंबरने वसवलेले खडकी. सातव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत या वर्तुळात चालुक्य, राष्ट्रकूट, यादव, निकुंभ, फारुकी, निजामशाही आणि मोगल असे सगळे येऊन गेले. त्यांपैकी कितीजणांचा चेहरा आपल्याला ठाऊक आहे? शेवटचे दोन वगळले तर जवळपास कुणाचाच नाही. आणि जो एक चेहरा ठाऊक आहे असे कैक वर्षे वाटत होते, त्याच्यापासूनच सुरुवात केली पाहिजे.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एक दरबाराचे चित्र आहे. उंच आसनावर सावळा राजा बसला आहे, भोवती स्त्रिया आणि सेवक आहेत, आणि समोरून टोकदार टोप्या व लांब बाह्यांचे अंगरखे घातलेले गोरे, दाढीवाले परदेशी नजराणे घेऊन येत आहेत. १८७९ मध्ये जेम्स फर्ग्युसन या वास्तू-अभ्यासकाने जाहीर केले की, हा राजा म्हणजे बदामीचा चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी आणि ते पाहुणे म्हणजे इराणच्या खुश्रू परवेजचे वकील. त्याला आधार मिळाला तो अरबी इतिहासकार तबरीचा. खुश्रूच्या कारकिर्दीच्या छत्तिसाव्या वर्षी एका हिंदी राजाकडून पत्रे आणि भेटी आल्याचे तबरीने लिहिले होते, आणि त्या राजाचे अरबी लिपीत मोडतोड झालेले नाव पुलकेशीच्या नावाशी जुळवता येत होते. त्याच लेण्याच्या छतावर मद्याचा पेला धरलेला एक परदेशी पुरुष आहे. त्यालाही खुश्रू ठरवले गेले आणि शेजारची स्त्री अर्थातच त्याची राणी शिरीन झाली.

हे इतके सुंदर जमले की कुणाला सोडवेना. महाराष्ट्राच्या सम्राटाकडे इराणचा बादशहा वकील पाठवतो आणि त्याचे चित्र आपल्याच डोंगरात निघते! शाळेच्या पुस्तकांत गेले, मार्गदर्शकांच्या तोंडी बसले. अडचण एवढीच की काळ जुळत नाही. पुलकेशीची कारकीर्द साधारण ६१० ते ६४२. वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्यभर अजिंठ्याचा अभ्यास करून दाखवले की, पहिले लेणे वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातले, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे. त्यांचा कालक्रम सगळ्यांना तंतोतंत मान्य नाही, पण लेणे पुलकेशीच्या जन्माआधीचे आहे याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी चित्राचा विषयही सांगितला. ती बुद्धाच्या एका पूर्वजन्माची, महासुदर्शन नावाच्या चक्रवर्ती राजाची गोष्ट आहे. लांब बाह्यांचे पाहुणे हे चक्रवर्तीला मानवंदना द्यायला आलेल्या दूरच्या देशांचे प्रतिनिधी. चित्रकाराने त्यांना इराणी धाटणीचे कपडे घातले, कारण दूरचा माणूस दाखवायचा तर तसाच पोशाख त्याने बाजारपेठेत पाहिलेला होता.

म्हणजे दंतकथा गावातले म्हातारेच रचतात असे नाही. टाय लावलेले विद्वानही रचतात. त्यांच्या दंतकथेला फक्त तळटीप असते.

पुलकेशीची खरी चित्रे आहेत, पण शब्दांत. एक त्याच्या पदरच्या रविकीर्तीने काढले. ऐहोळे येथील मंदिरावर ६३४ साली कोरलेल्या या प्रशस्तीत पुलकेशी नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी आहे, आणि हर्षवर्धनाच्या पराभवावर कवीने त्याच्याच नावाची कोटी केली आहे. जाता जाता रविकीर्तीने स्वतःला कालिदास आणि भारवीच्या पंक्तीला बसवून घेतले. राजाचे चित्र काढताना चित्रकाराने कोपऱ्यात स्वतःलाही रंगवावे, तसा हा प्रकार. दुसरे चित्र चिनी यात्रेकरू युआन च्वांगचे. तो ६४१ च्या सुमारास या भागात आला. त्याला राजा रणशूर दिसला, प्रजा मानी आणि उपकार-अपकार दोन्ही लक्षात ठेवणारी वाटली, आणि लढाईपूर्वी हत्तींना दारू पाजतात हे त्याने आवर्जून टिपले. भारवी-कालिदासापेक्षा मला हे झिंगलेले हत्ती जास्त विश्वासार्ह वाटतात. परक्याला आपल्या राजाची स्तुती करून काही मिळवायचे नव्हते.

पुढची कित्येक शतके खानदेशात राजा दिसतो तो असाच, दगडावर कोरलेल्या अक्षरांत. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख हा त्यातला सर्वांत बोलका. १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. शके ११२८ चा हा लेख भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाविषयी आहे. हा चांगदेव यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता, आणि आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने हा मठ काढला. मठाला दान दिले ते निकुंभ घराण्यातल्या सोइदेव आणि हेमाडीदेव या भावांनी. लेखाचा मोठा भाग संस्कृत. त्यात यादव राजे पराक्रमाचे पुतळे आहेत, निकुंभ सूर्यवंशी आहेत, शत्रू नेहमीप्रमाणे पळत आहेत. यातली विशेषणे काढून दुसऱ्या कुठल्याही राजाला चिकटवली तरी चालतील. प्रशस्ती म्हणजे चेहरा झाकणारा मुखवटा, आणि सगळे मुखवटे एकाच साच्यातून निघालेले.

पण लेखाच्या शेवटाकडे भाषा बदलते. संस्कृत संपते आणि त्या काळची मराठी सुरू होते, आणि एकदम बाजार दिसायला लागतो. मठाला कुठल्या व्यवहारातून काय मिळायचे, विक्रीवरचा हक्क किती, तेलाच्या घाण्यामागे किती तेल, अशी मोजमापे येतात. सूर्यवंश संस्कृतात आणि तेल मराठीत, अशी ही वाटणी आहे. राजाने स्वतःला कसे दाखवायचे ते वरच्या भागात आहे. त्याची सत्ता पेठेतल्या माणसाला कशी लागायची ते खालच्या भागात. मला विचाराल तर राजाचे अधिक खरे चित्र खालचे.

लोकांनी या राजांना लक्षात कसे ठेवले? खरे सांगायचे तर नावानिशी ठेवलेच नाही. पाटण्याचे महादेव मंदिर, वाघळीची जुनी मंदिरे, साक्री तालुक्यातल्या बळसाण्याचे देवळांचे समूह, यांतले काहीही कुणाला दाखवा, उत्तर ठरलेले: हेमाडपंती. हेमाद्रि हा यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा करणाधिप, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. वाघळीचा शिलालेख शके ९९१ चा आहे, म्हणजे १०६९ चा, हेमाद्रीच्या दोनेकशे वर्षे आधीचा. पाटण्याच्या मंदिरातला लेख शके १०७५ चा. ही देवळे उभी राहिली तेव्हा हेमाडपंताचे आजोबाही जन्मायचे होते. तरी श्रेय त्याला. दंतकथा त्याहून पुढे जाते. हेमाडपंत मोठा वैद्य, त्याने लंकेच्या बिभीषणाला बरे केले आणि बदल्यात तिथून मोडी लिपी आणली; मदतीला राक्षस मिळाले आणि त्यांनी चुन्याशिवाय दगडावर दगड रचून देवळे उभी केली.

यातली गंमत अशी की, राजांची चित्रे रंगवण्याचे काम खुद्द हेमाद्रीनेही केले होते. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या आपल्या अवाढव्य ग्रंथात त्याने यादव घराण्याची राजप्रशस्ती घातली, आणि यादवांचा इतिहास लिहिणाऱ्यांना आजही तिच्यावाचून पुढे जाता येत नाही. ती प्रशस्ती लोकांनी वाचली नाही. सिंघण, कृष्ण, महादेव ही नावे विसरली गेली आणि हिशेब ठेवणारा कारभारी मात्र राक्षसांचा मुकादम होऊन अमर झाला.

जिथे हेमाडपंत पुरत नाही तिथे गवळी राजा येतो. खानदेशात आणि घाटावरही पडका वाडा, बुजलेली विहीर, ओसाड गढी यांचा मालक गवळी राजा असतो. नाव विचारू नये. त्याला नाव नसतेच. या आठवणीला अगदी पाया नाही असे नाही. आभीर राजांची सत्ता या पट्ट्यात होती, आणि नाशिकच्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाचा तिसऱ्या शतकातला लेख आहे. पण गवळी राजा हा एक माणूस नव्हे, तो एक साचा आहे: गुरांनी श्रीमंत, मनाने उदार, आणि शेवटी फसवला गेलेला.

हा साचा आठवणीत ठेवून अशीरगडाची गोष्ट वाचावी. ती सांगतो महंमद कासिम फिरिश्ता, विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा इतिहासकार. गडावर आसा अहीर नावाचा जमीनदार राहात होता. हजारो गाई-म्हशी, मेंढ्या आणि घोड्या त्याच्या दावणीला. दुष्काळ पडला तेव्हा त्याने धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली. १४०० च्या सुमारास खानदेशचा फारुकी सुलतान नसीरखान याची या गडावर नजर गेली. त्याने आसाला निरोप धाडला: बागलाण आणि अंतूरचे राजे माझ्यावर उठले आहेत, माझ्या बायकामुलांना तुझ्या गडावर आसरा दे. आसाने होकार दिला. पहिल्या दिवशी आलेल्या डोल्यांत खरोखरच बायका होत्या. आसाच्या घरच्या बायका त्यांना भेटायला गेल्या. दुसऱ्या दिवशी दोनशे डोल्या आल्या. आसा आपल्या मुलांना घेऊन मानाने सामोरा गेला, आणि डोल्यांतून हत्यारबंद शिपाई बाहेर पडले. बापलेक जागीच मारले गेले.

फिरिश्ता १६०४ मध्ये बऱ्हाणपूरला येऊन गेला होता, तेव्हा त्याने ऐकीव काहीच घेतले नसेल असे म्हणता येत नाही. घटनेला तोवर दोनशे वर्षे झाली होती. आणि डोल्यांची युक्ती ही इतिहासातली फार फिरस्ती युक्ती आहे. चितोडच्या पद्मिनीच्या कथेत ती रजपुतांच्या बाजूने येते, रोहतासगडाच्या कथेत शेरशहाच्या बाजूने, आणि ट्रॉयच्या वेशीवर लाकडी घोड्याच्या पोटात. नसीरखानाने गड कपटाने घेतला हे खरे असेलही. पण मला यात दिसतो तो फारसी पोशाखातला आपला गवळी राजा. विशेष हे की, सुलतानांच्या बाजूने लिहिणाऱ्या इतिहासकाराच्या पानावरही सहानुभूती मेलेल्या अहिराकडेच जाते.

फारुकींच्या घराण्याला स्वतःची गोष्टही लागत होतीच. मूळ पुरुष मलिक राजा. दिल्लीचा सुलतान फिरोज तुघलक शिकारीत लवाजम्यापासून भरकटला, भुकेने व्याकूळ झाडाखाली बसला, आणि एका साध्या स्वाराने त्याला आपल्याजवळचे खाणे दिले. तो स्वार मलिक राजा. बक्षीस म्हणून १३७० मध्ये त्याला थाळनेर आणि करवंद मिळाले. शिरपूर तालुक्यातली ही दोन्ही गावे आजही आहेत, आणि थाळनेरला तापीकाठी फारुकींच्या कबरी आहेत. घराणे आपला वंश खलिफा उमर फारुक यांच्यापर्यंत नेत असे. निकुंभांना सूर्य लागला, यांना खलिफा. शिवाय संताचा आशीर्वादही हवा होता. नसीरखानाने अशीरगड घेतल्यावर दौलताबादहून शेख झैनुद्दीन त्याचे अभिनंदन करायला आले, तापीच्या काठी उतरले आणि कुठलेही इनाम न घेता म्हणाले की नदीच्या या काठावर माझ्या नावाने गाव वसव, पलीकडे माझे गुरू बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने शहर. झैनाबाद आणि बऱ्हाणपूर ही ती ठाणी. फक्त झैनुद्दीन शिराझी १३६९ मध्येच वारले होते, म्हणजे मृत्यूनंतर तीस वर्षांनी ते तापीकाठी आले. फिरिश्त्याला ही तारीख खटकली नाही; ज्या राजाला गादीसाठी संत हवा असतो त्यालाही ती खटकत नाही.

याच घराण्यातल्या राजा अलीखानाने मात्र स्वतःचे चित्र काढायची एक अगदी निराळी रीत निवडली. बऱ्हाणपूरची जामा मशीद त्याने बांधली. तिच्या आत, किब्ल्याच्या भिंतीवर, अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेख कोरलेला आहे. सृष्टीच्या निर्मात्याला वंदन करून तो सुरू होतो, फारुकी सुलतानांची मलिक राजापासूनची वंशावळ देतो आणि संवत् १६४६, शके १५११ अशी तारीख तिथी, नक्षत्र आणि घटिकांसह नोंदवतो. एखाद्या जोशाने मुहूर्ताच्या पत्रिकेत लिहावी तशी ती तारीख आहे. याला सामाजिक सलोख्याचे पोस्टर म्हणायची घाई करू नये. राजाला माहीत होते की त्याच्या राज्यातले सावकार, कुळकर्णी, देशमुख कोणत्या कालगणनेत जगतात. त्यांच्या पंचांगात आपले नाव असावे अशी व्यवस्था त्याने केली. पाटण्याच्या लेखातल्या संस्कृत-मराठीसारखाच हा दोन श्रोत्यांसाठी दोन भाषांचा हिशेब आहे.

राजा अलीखानाच्या शेवटाची गोष्ट खिन्न करणारी आहे. अकबराचे मांडलिकत्व पत्करून तो १५९७ मध्ये मोगलांच्या बाजूने गोदावरीकाठी सोनपेठजवळ लढला. रात्र पडली तेव्हा तो कुठेच दिसेना. तो शत्रूला मिळाला अशी बोलवा उठली आणि मोगल सैनिकांनी त्याची छावणी लुटली. सकाळी त्याचे प्रेत रणांगणावर सापडले. एका रात्रीपुरता तो गद्दार होता.

त्याचा मुलगा बहादूरशहा अकबराशी बिघडला आणि अशीरगडाला वेढा पडला. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. कसा? अबुल फजलच्या वर्णनात गडावर रोगराई पसरते, किल्लेदार हतबल होतात, सम्राट उदार राहतो. जेझुईट पाद्री जेरोम झेवियरच्या पत्रांवर आधारलेल्या वृत्तान्तात अकबर सुरक्षिततेची शपथ देऊन बहादूरशहाला बाहेर बोलावतो, त्याला अडकवून ठेवतो आणि शेवटी सोन्याची थैली सैल करून गड घेतो. विन्सेंट स्मिथ या इतिहासकाराने पाद्र्यांवर विश्वास ठेवला, इतरांनी ठेवला नाही. दोन्ही बाजूंना अकबर कसा दिसावा हे आधीच ठरलेले होते.

अकबराने स्वतः काय दाखवायचे ठरवले ते एका सोन्याच्या मोहरेवर आहे. अशीर टांकसाळीत, इलाही सन ४५ मध्ये पाडलेल्या या मोहरेच्या एका बाजूला ऐटीत उभा ससाणा आहे. मुसलमानी नाण्यांवर चित्र क्वचितच असते. इथे राजाचा चेहरा नाही, पण झडप घालणारा पक्षी आहे. खानदेशचे नाव शाहजादा दानियालवरून ‘दानदेश’ केले गेले आणि फतेहपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावर तसे कोरलेही गेले. दरवाजा अजून उभा आहे, दानदेश कुणाच्या तोंडी बसला नाही. अशीरगडावर आज चढणाऱ्याला अकबराबद्दल कुणी फारसे सांगत नाही. सांगतात ते अश्वत्थाम्याबद्दल: कपाळावरची जखम घेऊन तो गडावरच्या महादेवाला रोज पहाटे फूल वाहून जातो.

चेहरे दिसू लागतात ते सोळाव्या शतकात, आणि दिसताच त्यांच्यावर हात चालायला लागतो. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नावाचे फारसी हस्तलिखित आहे. आफताबी नावाच्या कवीने अहमदनगरच्या हुसेन निजामशहावर, तालिकोटच्या १५६५ च्या विजयानंतर ते रचले. चित्रांत राजाशेजारी त्याची राणी खुंजा हुमायूँ बसलेली होती, त्या काळच्या दख्खनी चित्रांत फार दुर्मिळ गोष्ट. हुसेन वारल्यावर तिने मुलाच्या वतीने राज्य चालवले, मग मुलानेच तिला कैद केले. हस्तलिखितातल्या बहुतेक चित्रांत तिची आकृती पुसून किंवा रंगाने झाकून टाकलेली आहे. मांडीवरचे हात आणि पदराची कड अजून जाणवते.

त्याच निजामशाहीचा शेवटचा मोठा माणूस मलिक अंबर. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस राजा नव्हता, पण राजे तो नेमायचा. मोगलांना त्याने पाव शतक घाटावर झुंजवत ठेवले. जहांगीर त्याला कधीच पकडू शकला नाही, म्हणून त्याने ते चित्रात साधले. १६१६ च्या सुमारास अबुल हसनने काढलेले हे चित्र आता डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, गोल बैलावर, बैल माशावर. समोर भाल्यावर अंबरचे तोडलेले मुंडके, त्यावर घुबड, आणि बादशहाचा बाण त्या मुंडक्याच्या तोंडातून आरपार. मागे न्यायाचा तराजूही टांगला आहे. प्रत्यक्षात अंबर दहाएक वर्षांनी, १६२६ मध्ये, म्हातारा होऊन वारला आणि खुलताबादला त्याची कबर झाली. तेव्हा जहांगीरच्याच दरबारातल्या मोतमदखानाने लिहिले की युद्धात, कारभारात आणि निर्णयबुद्धीत या माणसाला तोड नव्हती. मेलेल्या शत्रूची स्तुती करायला बादशहाची हरकत नसावी.

दख्खनच्या शेतकऱ्याने यातले एकही चित्र पाहिले नाही. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी जमिनीचा सारा ठरवायला गावोगाव जुने कागद काढून बसले, तेव्हा मात्र अंबरचे नाव त्यांना सतत भेटू लागले. जमीन मोजून, तिचा कस पाहून आकार ठरवण्याच्या पद्धतीला लोक मलिकंबरी म्हणत, आणि त्यातल्या मूळ आकाराला तनखा. अंबरला जाऊन दोनशे वर्षे होत आली होती, तरी गावच्या दप्तरात कुलकर्णी आधी तनखा लिहीत आणि मग पेशव्यांच्या अमलातला वाढीव आकार, कमाल.